विश्लेषण : लाईट गेली तरी उपकेंद्र जागे ठेवणारी बॅटरी कोणाची? कोण होते गास्तों प्लांते?

खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादेत वळवाचा पाऊस येतो तो आधी वारा घेऊन. बाभळीची फांदी ११ केव्हीच्या तारांवर पडते, तारा एकमेकींना चिकटतात आणि गाव अंधारात जाते. लोक महावितरणच्या नावाने बोटे मोडतात. पण त्या क्षणी लाईट जाणे हीच सगळ्यात चांगली गोष्ट असते. ती गेली नसती, तर तुटलेली तार जिवंत राहिली असती आणि शेतातून घरी परतणाऱ्या कोणाचा तरी पाय तिच्यावर पडला असता. लाईट वेळेवर घालवण्याचे हे काम उपकेंद्राच्या एका खोलीत ओळीने मांडलेल्या शिशाच्या बॅटऱ्या करतात. त्यांचे मूळ १८५९ मध्ये पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत आहे आणि ज्याने त्या घडवल्या, त्या माणसाचे नाव मोठ्या वीजकेंद्रांच्या बॅटऱ्यांवर आजही लिहिलेले असते.

उपकेंद्रात बॅटरी लागते कशाला?

जिथे वीजच वीज आहे तिथे बॅटरी कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर हा एक प्रचंड स्विच असतो. तारांमध्ये बिघाड झाला की रिले नावाचे यंत्र तो ओळखते आणि ब्रेकरमधील एका कॉइलला वीज देते. कॉइल खटका ओढते, ब्रेकर उघडतो. मात्र बिघाडाच्या क्षणी उपकेंद्राचा स्वतःचा वीजदाब कोसळलेला असतो. म्हणून खटका ओढणारी वीज तारांवरून घेऊन चालत नाही, ती आधीच साठवलेली असावी लागते. ११० व्होल्टची नियंत्रण यंत्रणा असेल तर सुमारे २ व्होल्टचे ५५ घट एकामागे एक जोडलेले असतात. काही छोट्या उपकेंद्रांत दाब याहून कमी असतो.

ही बॅटरी मेलेली असेल आणि तारांवर बिघाड झाला, तर रिलेला सगळे कळते, पण हात उचलता येत नाही. बिघाडाचा प्रवाह वाहतच राहतो. मागच्या मोठ्या उपकेंद्राने तो तोडला तर ठीक, नाहीतर रोहित्र जळते. मोबाइल टॉवरवरची ४८ व्होल्टची बॅटरी, बँकेच्या यूपीएसची बॅटरी, ग्रामीण रुग्णालयातील इन्व्हर्टर, जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील नियंत्रण कक्ष, सगळीकडे हेच तत्त्व आहे. वर्षातील बहुतेक दिवस काहीच न करता बसून राहायचे आणि गरज पडेल त्या एका मिनिटाला हजर व्हायचे.

हा माणूस होता तरी कोण?

गास्तों प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील ऑर्थेझ या गावी झाला. (आपल्याकडचे तंत्रज्ञ त्यांच्या नावाच्या बॅटरीला ‘प्लांटे’ म्हणतात, फ्रेंच उच्चार ‘प्लांते’ असा आहे.) धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे फ्रान्समधील नावाजलेला पियानोवादक झाला आणि नव्वदी ओलांडूनही वाजवत राहिला. गास्तों मात्र विज्ञानाकडे वळले. १८५४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पॅरिसच्या कला व हस्तव्यवसाय संस्थेत ते भौतिकशास्त्राच्या व्याख्यानांना साहाय्यक म्हणून लागले. एदमों बेकरेल हे तिथले प्राध्यापक. वर्गात करून दाखवायच्या प्रयोगांची मांडामांड करणे, काचेची भांडी, तारा, आम्ले तयार ठेवणे हे साहाय्यकाचे काम. आजच्या भाषेत प्रयोगशाळा सहायक.

त्यांचे पहिले नाव झाले ते विजेमुळे नव्हे, हाडामुळे. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या मदों येथे त्यांना जमिनीच्या थरात एका अवाढव्य पक्ष्याचे जीवाश्म सापडले. न उडणारा, माणसापेक्षा उंच असा तो पक्षी. त्याला ‘गास्तोर्निस’, म्हणजे गास्तोंचा पक्षी, असे नाव देण्यात आले. एकविसाव्या वर्षी एखाद्याच्या नावाने प्राणी ओळखला जाऊ लागला तर तो जन्मभर जीवाश्मच खणत बसेल. प्लांते परत प्रयोगशाळेत आले.

शिसेच का निवडले?

त्या काळी वीज मिळवण्याचा एकच व्यवहार्य मार्ग होता: रासायनिक घट. जस्त आम्लात विरघळवायचे आणि त्यातून प्रवाह घ्यायचा. जस्त संपले की वीज संपली. टेलिग्राफची कार्यालये अशाच घटांवर चालत. या घटांना एक खोड होती. प्रवाह वाहू लागला की पट्ट्यांवर वायू आणि रासायनिक थर साचत आणि उलट दिशेने विरोध करणारा दाब तयार होई. बाकीच्यांच्या दृष्टीने ही डोकेदुखी होती आणि ती घालवण्यासाठी बरेच जण झटत होते. प्लांते यांनी उलटा विचार केला: हा विरोधी प्रवाह इतका चिवट असेल, तर तोच साठा म्हणून का वापरू नये?

अशी कल्पना करणारे ते पहिले नव्हते. १८०३ च्या सुमारास जर्मनीतील रिटर यांनी असा दुय्यम प्रवाह दाखवला होता आणि १८५४ मध्ये सिन्स्टेडेन या जर्मन डॉक्टरने शिशाच्या पट्ट्यांचा परिणाम नोंदवला होता. प्लांते यांचे वेगळेपण त्यांच्या चिकाटीत आहे. त्यांनी तांबे, चांदी, कथील, लोखंड, सोने, प्लॅटिनम असे एकेक धातू घेऊन कोणाचा उलट प्रवाह किती जोराचा आणि किती वेळ टिकणारा, याची रीतसर तुलना केली. पातळ गंधकाम्लातील शिसे सगळ्यांच्या पुढे निघाले. जड, मऊ, स्वस्त आणि दिसायला अगदीच सामान्य असा हा धातू.

१८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे एकावर एक ठेवले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये विजेला अडवणारा थर घातला, चटईसारखी त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लाच्या काचेच्या भांड्यात उभी केली. प्रत्येक भांड्यातून २ व्होल्टच्या आसपास दाब मिळू लागला. मार्च १८६० मध्ये अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. मुंबईहून निघालेली रेल्वे तेव्हा बोरघाटही चढली नव्हती आणि जाफराबाद निजामाच्या राज्यात होते.

रसायन अजूनही तेच आहे. चार्ज झालेल्या घटात धन पट्टी लेड डायऑक्साइडची, चॉकलेटी रंगाची. ऋण पट्टी शुद्ध सच्छिद्र शिशाची, करडी. वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बनते आणि आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांत गेल्याने उरलेले पाणी पातळ होते. उलट दिशेने वीज दिली की सल्फेट मोडते आणि आम्ल पुन्हा घट्ट होते. म्हणूनच हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता मोजली की घटात किती वीज शिल्लक आहे हे कळते. पेट्रोलच्या टाकीत काठी घालून पाहण्यासारखेच ते.

‘फॉर्मिंग’ म्हणजे काय भानगड?

प्लांते यांची खरी कमाई इथे आहे. नव्या कोऱ्या शिशाच्या पत्र्यात फारशी वीज मावत नसे. चार्ज केल्यावर पृष्ठभागावर डायऑक्साइडचा पातळसा थर बसे आणि खालचे शिसे तसेच कोरे राही. प्लांते यांना दिसले की तोच घट पुन्हा पुन्हा चार्ज आणि डिस्चार्ज केला, मधूनमधून उलट्या दिशेने चार्ज केला, तर दरवेळी त्यात थोडी जास्त वीज मावते. थर शिशात आत आत शिरत जातो, पृष्ठभाग स्पंजासारखा होतो. या क्रियेला त्यांनी घडण दिली, म्हणून तिला ‘फॉर्मिंग’ म्हणतात.

ती कशी करायची याचे वेळापत्रकच त्यांनी बसवले. पहिल्या दिवशी काही मिनिटांच्या, मग तासाच्या अंतराने उलटसुलट चार्जिंग. नंतर एक रात्र विश्रांती. मग आठवडा, पंधरवडा, महिना. चार्ज केलेला घट नुसता ठेवून दिला तरी थर आत सरकतो, कारण डायऑक्साइड आणि त्याखालचे शिसे आम्लात आपापसात झिजतात, तिथे सल्फेट बनते आणि पुढच्या चार्जिंगला त्याचेही डायऑक्साइड होते. थोडक्यात, ते शिशाला पद्धतशीर गंजू देत होते. एक चांगला घट तयार व्हायला महिने लागत. पुढे १८८२ मध्ये त्यांनी पत्रे आधी पातळ नायट्रिक आम्लात बुडवून हा काळ कमी करण्याची युक्ती शोधली.

आजच्या देखभालीच्या अर्ध्या गोष्टी यातून समजतात. प्लांते यांना विश्रांती हवी होती, कारण त्यांचा घट घडायचा होता. आपल्या घडलेल्या घटाला तीच विश्रांती मारते. चार्ज न करता पडून राहिलेली बॅटरी आतल्या आत रिकामी होत जाते, पट्ट्यांवर सल्फेटचे बारीक कण असतात त्यांचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते मोडत नाहीत. पट्टी पांढुरकी दिसू लागते. यालाच सल्फेशन म्हणतात. दुकानातून आणलेली नवी बॅटरी ‘लागेल तेव्हा लावू’ म्हणून सहा महिने कोपऱ्यात ठेवणारा माणूस नकळत हेच करत असतो.

धन पट्टीचे शिसेही झिजतच असते, ते थांबवता येत नाही, फक्त सावकाश करता येते. ज्या गंजण्यातून प्लांते यांची बॅटरी घडली, त्याच गंजण्याने प्रत्येक शिशाची बॅटरी शेवटी संपते. चार्जिंगचा सगळा शहाणपणा या दोन मरणांच्या मधल्या अरुंद वाटेवर चालण्यात आहे: कमी चार्ज केली तर सल्फेशन, जास्त केली तर गंज.

चार्ज करायला वीज होती कुठे?

प्लांते यांच्या आयुष्यातील ही मोठी विसंगती. वीज साठवणारे भांडे तयार झाले, पण भरायला नळच नव्हता. जस्ताचे महागडे घट वापरून शिशाचे घट चार्ज करायचे म्हणजे विकतच्या दुधाने हौद भरण्यासारखे. चार्ज करायला तासन् तास दोन-तीन छोटे घट लावायचे आणि मिळालेली वीज काही क्षणांत जोराने सोडायची, एवढाच उपयोग पहिली वीस वर्षे होता. डॉक्टर तापलेल्या तारेने जखम किंवा गाठ डागण्यासाठी हे घट वापरत, शरीराच्या आत उजेड पाडणाऱ्या उपकरणांनाही ते जोडले जात. प्लांते यांनी स्वतः एक मेणबत्ती पेटवण्याचे यंत्र केले होते, त्यात घटाच्या विजेने प्लॅटिनमची तार लाल होई. त्याचे नाव ‘शनीची चकमक’. युरोपातील किमयागार शिशाला शनीचा धातू मानत, त्यावरून ते नाव आले. शनी आपल्याकडेही सावकाश चालणाराच.

१८७० च्या दशकात ग्राम यांच्या डायनॅमोने चित्र बदलले. फिरत्या यंत्रातून अखंड वीज मिळू लागली आणि ती साठवायची कुठे, असा प्रश्न कारखान्यांना पडू लागला. उत्तर पॅरिसमधल्या काचेच्या भांड्यांत वीस वर्षे तयार होते.

मग श्रीमंत कोण झाले?

ते मात्र इतर. १८८० मध्ये कामी फोर या फ्रेंच तंत्रज्ञाने महिनोन् महिन्यांचे फॉर्मिंग एका झटक्यात टाळले. त्यांनी शिशाच्या पट्टीवर लाल लेड ऑक्साइडचा लेप थापला. ही भुकटी आपल्याला अनोळखी नाही. गावोगावच्या मारुतीला पिढ्यान् पिढ्या लावला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे हेच लाल ऑक्साइड. लेप सच्छिद्र असल्याने काही दिवसांच्या चार्जिंगमध्ये पट्टी तयार होई. १८८१ मध्ये चार्ज केलेल्या फोर घटांची पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांच्याकडे गेली आणि वीज प्रवास करू शकते, याची वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रेल्वेच्या डब्यात बॅटरीचे दिवे लागले. लेप गळू नये म्हणून पट्टीची जाळी करण्याची कल्पनाही तेव्हाचीच. मोटारसायकलपासून ट्रकपर्यंत आज जी बॅटरी असते ती या लेपाच्या घराण्यातली. इन्व्हर्टरची आणि बहुतेक छोट्या उपकेंद्रांची ट्यूब्युलर बॅटरी त्याच कुळातली, फक्त लेप नळ्यांमध्ये भरलेला.

प्लांते यांना कमी लेखून फोर यांना मोठे करणे किंवा उलटे करणे, दोन्ही अन्यायाचे आहे. लेपाने बॅटरी हलकी आणि स्वस्त केली, पण लेप गळतो आणि क्षमता घटत जाते. प्लांते पद्धतीची पट्टी शुद्ध शिशाची असते, पृष्ठभाग वाढावा म्हणून तिच्यावर बारीक उभ्या चिरा असतात. वरचा थर गळला की खालच्या शिशाचा नवा थर आपोआप बनतो. त्यामुळे वीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ ती जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम देते. जड आणि महाग, पण भरवशाची. जिथे बिघाड परवडतच नाही, अशा वीजनिर्मिती केंद्रांसाठी आणि मोठ्या उपकेंद्रांसाठी ती टिकून राहिली.

आजच्या ऑपरेटरसाठी यातून काय निघते?

देखभालीचे नियम कोरडे वाटतात, पण प्रत्येकामागे वरचे रसायन आहे. उपकेंद्राची बॅटरी सतत फ्लोट चार्जवर असते. म्हणजे झिजून जाणारी वीज भरून निघेल एवढाच दाब तिला कायम दिला जातो. उघड्या, पाणी घालायच्या घटांसाठी हा दाब साधारण २.१५ ते २.२० व्होल्ट प्रति घट. ५५ घटांना मिळून सुमारे ११८ ते १२१ व्होल्ट. चार्जरच्या मीटरवर हा आकडा ठीक दिसला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही. एखादा घट १.९ वर आलेला असतो आणि बाकीचे त्याची उणीव झाकतात. म्हणून प्रत्येक घटाचा दाब वेगळा मोजावा लागतो आणि नमुन्याच्या काही घटांची घनता नियमित नोंदवावी लागते.

स्थिर बॅटरीच्या आम्लाची पूर्ण चार्ज घनता २७ अंश सेल्सिअसला १.२०० धरतात, रजिस्टरमध्ये ती १२०० अशी लिहिलेली दिसते. मराठवाड्यात एक गफलत इथेच होते. तापमान एक अंशाने वाढले की घनता सुमारे ०.०००७ ने कमी दिसते. मे महिन्यात आम्ल ४२ अंशांवर गेले, तर पूर्ण चार्ज असलेला घटही हायड्रोमीटरवर १.१९० दाखवतो. बॅटरी उतरली असे समजून कोणी त्यात आम्ल ओतले, तर पट्ट्यांचे आयुष्य कमी होते. घटातून उडून जाते ते पाणी. आम्ल जागेवरच राहते. म्हणून भरायचे तेही पाणीच, आणि ते डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातील क्लोराइड आणि लोह शिशाला खातात. आपल्याकडच्या बोअरचे पाणी चहाच्या भांड्यात पांढरा थर सोडते, ते बॅटरीत काय करेल याचा अंदाज त्यावरून यावा. पाण्याची पातळी खाली जाऊन पट्ट्या उघड्या पडल्या, तर तो भाग सुकून कायमचा जातो.

मोठा डिस्चार्ज झाल्यावर, म्हणजे रात्रभर पुरवठा नसताना बॅटरीनेच काम रेटले असेल तर, लगेच बूस्ट चार्ज द्यावा लागतो. क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह देऊन सुरुवात करतात. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १० अँपिअर. घटाचा दाब २.४ व्होल्टच्या आसपास गेला की पाणी मोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघू लागतात, तेव्हा प्रवाह कमी करायचा. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरी खोलीत विडी ओढू नये, पंखा बंद करू नये आणि दोन टोकांवर पाना पडू देऊ नये, या सूचना भिंतीवर लिहिलेल्या असतात त्या याचसाठी. आम्ल तयार करायची वेळ आलीच तर आम्ल पाण्यात, थोडे थोडे. पाणी आम्लात कधीच नाही. डोळ्यात उडाले तर पहिला उपाय भरपूर साधे पाणी आणि मग दवाखाना.

उष्णता हा या बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा कामचलाऊ नियम आहे. पत्र्याच्या शेडमधील किंवा मोबाइल टॉवरच्या पेटीतील बॅटरी जाफराबादच्या उन्हाळ्यात लवकर का जाते, हे त्यातून कळते. टॉवरवरची आणि यूपीएसची बॅटरी बहुधा सीलबंद असते. तिच्यात पाणी घालता येत नाही, म्हणून तिला ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. पाणी घालायचे नसते एवढेच. दाब तपासणे, टोके घट्ट करणे, तापमान सांभाळणे हे सगळे राहतेच, उलट चूक झाली तर ती दुरुस्त करायची सोय नसते. उन्हाळ्यात चार्जरचा दाब तापमानानुसार थोडा उतरवला नाही, तर अशी बॅटरी तापते, तापल्याने जास्त प्रवाह घेते, त्याने आणखी तापते आणि शेवटी फुगते.

बॅटरी खरोखर चांगली आहे की नाही हे सांगणारी एकच चाचणी आहे: तिच्याकडून वीज काढून पाहणे. दहा तासांच्या दराने ठरलेला प्रवाह घेत राहायचे आणि घट १.८५ व्होल्टपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दहाऐवजी सातच तास टिकली, तर क्षमता ७० टक्के. ही चाचणी कंटाळवाणी असते, पर्यायी बॅटरी लावावी लागते, म्हणून ती टाळली जाते आणि रजिस्टरमध्ये कालचेच आकडे आज उतरवले जातात. अशी बॅटरी मरते ती कोणाच्या लक्षात न येता, वळवाच्या पहिल्या वाऱ्यापर्यंत.

बाद बॅटरीचे काय? शिसे विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला त्याने होणारे नुकसान भरून येत नाही. अंगणात बॅटरी फोडून शिसे वितळवणे हा धंदा नव्हे, आजारपणाला आमंत्रण आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. नीट गेली तर तिच्यातील जवळजवळ सगळे शिसे नव्या बॅटरीत परत येते.

शेवटच्या काळात प्लांते काय करत होते?

आकाशाकडे पाहत होते. बॅटरीचा बाजार तेजीत असताना प्लांते यांचा जीव विजांच्या कडकडाटात अडकला होता. त्यांनी शेकडो घट, एका वेळी तब्बल ८०० पर्यंत, एकापुढे एक जोडून दीड-दोन हजार व्होल्टचा दाब उभा केला. तोही कमी वाटला म्हणून १८७७ च्या सुमारास अभ्रकाच्या पातळ पत्र्यांचे अनेक कंडेन्सर घेऊन एक यंत्र केले: सगळे कंडेन्सर शेजारी शेजारी जोडून भरायचे आणि एकामागे एक जोडून रिकामे करायचे, म्हणजे दाब अनेक पटींनी वाढतो. हीच युक्ती पुढे उच्चदाब चाचणीच्या प्रयोगशाळांत वेगळ्या रूपात रुजली. द्रवाच्या पृष्ठभागावर त्यांना आगीचे छोटे, भटकणारे गोळे मिळत आणि आकाशातील गोलाकार विजेचे, ध्रुवीय प्रकाशाचे, गारपिटीचे कोडे यातून सुटेल अशी त्यांना आशा होती. ती फारशी फळली नाही. गोल विजेचे समाधानकारक स्पष्टीकरण अजूनही कोणाकडे नाही. १८७९ मध्ये विजेवरील संशोधनाचा आणि १८८८ मध्ये वातावरणातील विजेवरचा असे त्यांचे ग्रंथ आले.

ज्या मदोंमध्ये तरुणपणी त्यांना तो पक्षी सापडला होता, तिथेच २१ मे १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५५. त्या वर्षी पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहिला होता आणि त्या जागतिक प्रदर्शनात विजेचे दिवे झगमगत होते. दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार धावली. ती पेट्रोलवर नव्हे, शिशाच्या बॅटरीवर चालत होती.

नाव कुठे उरले?

चंद्रावर त्यांच्या नावाचे एक विवर आहे. आपल्या जवळचे म्हणजे भारतीय मानक आयएस १६५२: स्थिर वापराच्या, प्लांटे धन पट्टी असलेल्या शिसे-आम्ल घटांसाठीचे. ट्यूब्युलर पट्टीच्या घटांसाठीचा क्रमांक त्याच्या अलीकडचा, आयएस १६५१. वीजकेंद्रांच्या निविदांमध्ये हे दोन क्रमांक शेजारी शेजारी येतात आणि ज्या खोलीत प्लांटे घट असतात तिथल्या पारदर्शक भांड्यांतून चॉकलेटी आणि करड्या पट्ट्या एकाआड एक दिसतात. तळाशी साचलेला तपकिरी गाळ किती वर आला, एवढे पाहून जुना ऑपरेटर बॅटरीचे वय ओळखतो.